कुंकवाखालचा दिवा

अक्काचा आवाज दोनदा गेला. पहिल्यांदा डॉक्टरांनी काढला, जीव वाचवायला. दुसऱ्यांदा मी घालवला, आणि तो कशासाठीही नाही. माझी बायको चंदना बेंगळूरच्या बनशंकरीतल्या आमच्या शेजाऱ्यांना 'कॅन्सरनं गेला' एवढंच सांगते. तिला मला झाकायचं असतं. मला झाकून घ्यायचं नाही, म्हणून हे लिहितोय.

अक्का म्हणजे गोजराबाई, माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, ती अठराची. तिनं लग्न केलं नाही. कारण मी होतो, हे सगळ्या नात्यातल्या लोकांना माहीत होतं, आणि एक तिला सोडून सगळ्यांनी मला ते कधी ना कधी ऐकवलं. ती एका सरकारी कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. सव्वीस वर्षं. कानडी, इंग्रजी, हिंदी, तिन्ही भाषांत एकच आवाज: स्वल्प खालच्या पट्टीतला, गोडबिड अजिबात नाही, काम करून घेणारा. कारखान्याचा जनरल मॅनेजर तिला चेहऱ्यानं ओळखायचा नाही. पण ती कॉरिडॉरमध्ये कुणाशी दोन शब्द बोलली की वळून बघायचा. मग तिथं आपोआप नंबर जोडणारं एक्स्चेंज आलं आणि सत्याण्णव साली तिला लवकर निवृत्ती 'दिली'. दिली हा त्यांचा शब्द.

मराठी आमच्याकडे घरातच. आमचे लोक शहाजीराजांच्या काळात इकडे आले असं आम्ही सांगतो, खरंखोटं कोणी तपासलेलं नाही. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की कानडी. त्यामुळे घरच्या मराठीतही स्वल्प, सरी, साकु असं सगळं मिसळलेलं. अक्का घरात मराठी बोलायची ती ऑपरेटरच्या आवाजात नव्हे. घरातला आवाज वेगळा होता. भांडखोर, हसरा, वाक्य अर्धं टाकून दुसऱ्या खोलीत निघून जाणारा. तो बाहेर कुणी कधी ऐकला नाही. हे आत्ताच लिहून ठेवतो, कारण पुढं याच्यावरच सगळं आहे.

नव्याण्णवच्या पावसाळ्यात तिचा घसा बसला. आमच्या डॉक्टरानं दोन महिने खोकल्याचं औषध दिलं. तो माणूस रस्त्यात दिसला की मी पलीकडच्या फुटपाथवर जातो, नाहीतर माझा हात उठेल. सप्टेंबरच्या शेवटी मोठ्या हॉस्पिटलात निदान झालं. स्वरयंत्र काढावं लागेल, मानेला भोक ठेवतील, त्यातून श्वास घ्यायचा. जगेल. बोलणार नाही. रांग एवढी की तारीख मिळाली दिवाळीनंतरची, बारा नोव्हेंबर. नंतर गळ्याला लावायचं एक यंत्र मिळतं, त्यातून बोलता येतं, असंही त्यांनी सांगितलं आणि तिथल्या एका म्हाताऱ्याकडून बोलवून दाखवलं. भुंगा डब्यात कोंडल्यासारखा आवाज. अक्कानं त्या म्हाताऱ्याला मान लववून नमस्कार केला आणि बाहेर आल्यावर म्हणाली, ते मला बेडा. नको.

युक्ती तिचीच. परत येताना बसमध्ये तिनं काढली. तिची जागा घेणाऱ्या एक्स्चेंजमध्ये कुठल्यातरी बाईचा आवाज भरलेला होता: लाइन बिझी आहे, थोड्या वेळानं करा. अक्का म्हणाली, त्या डब्यात तिला भरलंय ना, तसं तुझ्या मशीनमध्ये मला भर. मी वाक्यं बोलून ठेवते. नंतर बटण दाबीन, मशीन बोलेल.

मी दहावी नापास. रेडिओ दुरुस्त करायचो, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. कापडाच्या दुकानांतली बिलाची मशीनं सांभाळतो. कुठल्या कॉलेजनं मला काही शिकवलेलं नाही, आणि याचा मला नको तेवढा माज होता. लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटची प्रणाली, मी मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून शिकलो. घरातल्या मशीनवर तेच घातलं होतं. चंदना त्यावर लोकांचे प्रबंध टाइप करून द्यायची. त्या मशीनला मी एक बाहेरची डिस्क जोडलेली होती, बॅकअपसाठी, म्हणजे सगळ्याची दुसरी प्रत ठेवायला. एस. पी. रोडच्या जुन्या सामानाच्या बाजारातून घेतलेला जाड पत्र्याचा डबा. त्याचा वीजपुरवठा वेगळा, मागं स्वतःचं बटण, पुढं बारीकसा हिरवा दिवा.

इथं थोडं तांत्रिक सांगावं लागेल. लिनक्समध्ये बाहेरची डिस्क नुसती जोडून भागत नाही. एक रिकामं फोल्डर करायचं आणि डिस्कला हुकूम देऊन त्याच्यावर बसवायचं. त्याला माउंट करणं म्हणतात. डिस्क बसलेली असली की त्या फोल्डरात टाकलेलं सगळं बाहेरच्या डिस्कमध्ये जातं. बसलेली नसली तरी फोल्डर असतंच. त्यात टाकलं की ते मशीनच्या पोटातल्या डिस्कमध्येच पडतं. मशीन काही बोलत नाही. त्याच्या मते तुम्ही फोल्डरात टाकायला सांगितलं, त्यानं टाकलं.

सुरुवातीला मी रोज हातानं हुकूम द्यायचो. दिवा बघायचा, हुकूम द्यायचा, फायली उतरल्या का बघायच्या. मग मला हुशारी सुचली. एका फाइलमध्ये एक ओळ लिहून ठेवली की मशीन सुरू होतानाच डिस्क आपोआप बसते. ओळ लिहिली. दुपारी एक वाजता आपोआप बॅकअप घेणारी छोटी स्क्रिप्टही, म्हणजे हुकमांची यादी, लिहिली. काम संपलं की ती रोजच्या नोंदीत एक शब्द टाकायची, इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द: झालं.

त्या ओळीच्या शेवटी एक आकडा असतो. तिथं दोन लिहिलं तर मशीन सुरू होताना ती डिस्क तपासतं, आणि डिस्क सापडली नाही तर तिथंच अडून बसतं, पासवर्ड मागतं. एकदा तसं झालं. डब्याचं बटण बंद राहिलं होतं, मशीन अडलं, चंदनाला प्रबंध द्यायचा होता, आणि ती मला शोधत तीन दुकानांत फोन करत बसली. घरी येऊन मी तो आकडा शून्य केला. आता डिस्क असो नसो, मशीन अडणार नाही. फक्त सुरू होताना काळ्या पडद्यावर एक ओळ सरकन वर जाईल की डिस्क मिळाली नाही. ती वाचायला समोर कोणीतरी बसलेलं पाहिजे.

हे सगळं मी निहारला दाखवलं होतं. निहार पुण्याचा, पंचवीस-सव्वीसचा, मारतहळ्ळीला चार मित्रांबरोबर राहायचा, एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याचा मॉनिटर मी दुरुस्त केला तेव्हापासूनची ओळख. स्क्रिप्ट बघून तो म्हणाला, "काका, हे सुंदर आहे. फक्त वर दोन लाईन्स टाका. डिस्क माउंट नसेल तर स्क्रिप्ट थांबली पाहिजे, ओरडली पाहिजे. नाहीतर ती स्वतःच्याच पोटात बॅकअप घेत बसेल आणि तुम्हाला वाटेल झालं." मग तो 'झालं' हा शब्द बघून हसला. "स्क्रिप्टपण बंगळुरी मराठीच बोलते का हो?"

त्यानं सहज विचारलं, आता कळतं. तेव्हा माझं डोकं फिरलं. आमच्या भाषेला हसणारा, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, माझ्याहून कितीतरी लहान पोरगा मला दोन ओळी टाकायला सांगतो. मी म्हटलं, बघतो. नाही टाकल्या. दोन ओळी.

आवाज भरायचं कार्ड आणि माइक सोळा ऑक्टोबरला, शनिवारी, सुरळीत चालू झाले. अक्का केस विंचरून, पावडर लावून मशीनसमोर बसली, जणू फोटो काढायचा होता. आधी घसा मोकळा करते म्हणाली, ड्युटीची वाक्यं बोलते, ती पाठ आहेत. कानडीत नमस्कार, कोण हवंय. इंग्रजीत प्लीज होल्ड ऑन. हिंदीत साहब मीटिंग में हैं. अशी अकरा वाक्यं. अकरा फायली. मी ऐकवल्या तेव्हा तिनं तोंड वाकडं केलं. "ही मीच का? सव्वीस वर्षं लोकांनी हे सोसलं?"

घरातली, खरी वाक्यं तेव्हा भरू नको म्हणाली. तीन दिवसांवर विजयादशमी आहे, त्या दिवशी सुरू करू, नवीन काम आहे. रविवारी दुपारी एक वाजता मी मशीनसमोरच होतो. दिवा हिरवा. अकरा फायली बाहेरच्या डिस्कवर उतरल्या, डोळ्यांनी पाहिल्या. नोंदीत: झालं.

सोमवारी आयुधपूजा. बेंगळूरात ती कशी होते हे इथं राहिलेल्यालाच माहीत. बस, ऑटो, लेथ, शिलाईचं मशीन, जे जे पोटाला घालतं ते सगळं धुवायचं, पुसायचं, गंध-कुंकू लावायचं, शेवंतीची माळ घालायची, कोहळा फोडायचा. त्या दिवशी त्याच्याकडून काम करून घ्यायचं नाही. मी सकाळीच सगळं बंद केलं. आधी मशीन, मग डब्याचं मागचं बटण, मग भिंतीवरचं. अक्कानं पूजा केली. मॉनिटरला माळ, कीबोर्डला अक्षता. पत्र्याच्या डब्याकडे बघून विचारलं, हा कोण? मी सांगितलं, तुझा आवाज यात राहणार आहे. तिनं त्याला सगळ्यांत मोठी माळ घातली, आणि गंध कालवून, त्यावर कुंकवाचं बोट, पुढच्या बाजूला जिथं कपाळ वाटलं तिथं लावलं. बरोब्बर दिव्यावर.

दुसऱ्या दिवशी मॉनिटरची माळ काढावी लागली, पडदा दिसत नव्हता म्हणून. डब्याची ठेवली. आमच्यात माळ वाळून आपोआप गळेपर्यंत कोणी काढत नाही. भिंतीवरचं बटण लावलं, मशीन लावलं. डब्याचं मागचं बटण बंद होतं, ते बंदच राहिलं. मशीन सुरू होत असताना मी माइकची वायर शोधत होतो. काळ्या पडद्यावर एक ओळ सरकन वर गेली असणार. मी पाहिली नाही. अडायला पाहिजे होतं ते अडलं नाही, कारण अडू नकोस असं मीच त्याला सांगून ठेवलं होतं.

मग तीन आठवडे अक्का बोलली. तिनं वहीत यादी केली होती. मला वाटलेलं देवाधर्माचं काही असेल. पहिलं वाक्य होतं, 'चंदना, भात उतू चाललाय.' दुसरं, 'मी ऐकलं, बहिरी नाही झाले.' मग, 'ताक आहे का.' माझ्यासाठी, 'रघू, जेवलास का.' 'रघू, खोटं बोलू नको, जेवलास का.' दूधवाल्या देवाप्पासाठी चार, त्यांतली दोन लिहिण्यासारखी नाहीत. हसण्याच्या तीन फायली: मनापासूनचं, उपरोधाचं, आणि पाहुणे विनोद सांगतात तेव्हाचं. मी म्हटलं, हसण्याला कशाला फाइल? ती म्हणाली, "नंतर माझ्या हसण्याला आवाज येणार नाही रे. नुसता वारा येईल भोकातून."

आवाज घोगरा झाला होता, मधे मधे तुटायचा. तरी तो घरातलाच होता. एकेक वाक्य तीन-तीनदा करायची. रेटून बोलली की खोकल्यात रक्त यायचं, तेव्हा चंदना माइक काढून घ्यायची. अक्का तो परत मागून घ्यायची.

एकदा ती म्हणाली, एक कॅसेटपण करू की. तुझा जुना टेप आहे माळ्यावर. मी हसलो. खरंच हसलो, निहार माझ्यावर हसला होता तसा. म्हटलं, "टेप घासते, अक्का. माझ्याकडे बॅकअप असतो. रोज. आपोआप." ती म्हणाली सरी, बरं, तुला कळतं. तिला माझं कौतुक होतं. सगळ्यांना सांगायची, शिकला नाही पण शिकलेल्यांना शिकवील.

रोज संध्याकाळी मी नोंद बघायचो. झालं. झालं. झालं. फोल्डर उघडून बघितलं तरी फायली होत्याच तिथं. असणारच. त्याच डिस्कच्या दोन कप्प्यांत मी एकच गोष्ट दोनदा ठेवत होतो आणि छाती फुगवत होतो.

अकरा नोव्हेंबरला, हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी, चारशे अकरा वाक्यं झाली होती. अक्कानं मला आणि चंदनाला बाहेर काढलं. भरायचं बटण कसं दाबायचं ते तिला येत होतं. दार लावून घेतलं. पाच-सहा मिनिटांनी उघडलं. म्हणाली, चारशे बारा. ते आता ऐकू नको. मी गेल्यावर लाव. मी म्हटलं, तू कुठं जातेस, डॉक्टर म्हणाले वीस वर्षं बघायला नको. ती म्हणाली, मग वीस वर्षांनी लाव. मी फाइल उघडली नाही. एवढी एक गोष्ट मी तिच्या शब्दाबरहुकूम केली.

ऑपरेशन नीट झालं. बावीस दिवसांनी ती घरी आली, मानेला मफलर, हातात पाटी. मी वाक्यांची यादी पडद्यावर मांडून ठेवली होती, वाक्यावर बाण नेऊन दाबायचं. तिनं पहिलं दाबलं ते दूधवाल्याचं. देवाप्पा दारात कॅन टाकून दोन पावलं मागं सरला. मग तो हसला, मग रडला. आठ दिवस आमच्या घरात पुन्हा दोन बायकांची भांडणं ऐकू आली. चंदना स्वयंपाकघरातून ओरडायची, पुढच्या खोलीतून 'मी ऐकलं, बहिरी नाही झाले' यायचं. भात मुद्दाम उतू घालवायची चंदना. मला माहीत आहे, ती कबूल करणार नाही.

नवव्या दिवशी मशीनच्या पोटातून टक टक टक आवाज आला. ज्यानं डिस्का मरताना ऐकल्यात त्याला तो कळतो. मग पडदा गोठला. अक्का बाण हलवत होती, काही हलेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिचा हात धरून म्हटलं, "घाबरू नको, अक्का. सगळं बाहेर आहे."

हे वाक्य मी रोज ऐकतो. माझ्याच आवाजात. ते मात्र कुठं पुसलं जात नाही.

नवी डिस्क आणून, सीडीवरून सगळं परत घालायला तीन दिवस गेले. ते तीन दिवस अक्का पाटी मांडीवर घेऊन निवांत बसली होती. मी सांगितलं होतं ना, बाहेर आहे. चंदनाला लिहून दाखवलं, मशीनला पण स्वल्प विश्रांती. तिसऱ्या दिवशी दुपारी डबा पुढं ओढला. माळेचा नुसता दोरा राहिला होता. शेवंतीचा भुगा खाली टेबलावर. कनेक्शन बघायला म्हणून डबा फिरवला, आणि मागचं बटण दिसलं.

बंद.

मला काहीच वाटलं नाही पहिल्यांदा. वाटलं, आत्ता हलवताना दाबलं गेलं असेल. मग बटणावरची धूळ बघितली. सारखी, सगळीकडून. दोन महिन्यांची. मी बटण लावलं. आतला पंखा घरघरला. पुढं वाळलेल्या कुंकवाखालून बारीकसा हिरवा उजेड आला, अगदी कडेनं, तडा गेला होता तिथून. हातानं हुकूम दिला. डिस्क बसली. अकरा फायली. सोळा ऑक्टोबर.

मेलेली डिस्क घेऊन मी निहारकडे धावलो. तो कामावरून सुट्टी काढून माझ्याबरोबर एस. पी. रोडवर दोन दिवस फिरला. एकानं ती उघडून दाखवली. आतल्या आरशासारख्या तबकडीवर गोल चर पडला होता, धान्य दळल्यासारखी पूड. निहार एकदाही म्हणाला नाही की मी सांगितलं होतं. म्हणायला पाहिजे होतं त्यानं. मी त्याच्या अंगावर गेलो असतो, त्यानं मला दोन ठेवून दिल्या असत्या, काहीतरी झालं असतं. त्यानं मला बसस्टॉपवर चहा पाजला आणि म्हणाला, काका, अक्कांना काय सांगणार?

चंदना म्हणत होती, बाहेरची पण जळाली म्हणून सांगा, व्होल्टेजनं जळाली म्हणा, रोज जळतात. देवाच्या अंगावर घाला. मला ते पटत आलं होतं. मी अक्कासमोर बसलो तेव्हा तेच सांगायचं ठरलं होतं. सुरुवात केली, की अक्का, डब्यात फायली नाहीत. आयुधपूजेनंतर तो बंदच राहिला होता.

एवढंच बोलून होतं न होतं तोच तिनं पाटी ओढली. खडू दोनदा तुटला. लिहिलं:

"मी दिव्यावर कुंकू लावलं म्हणून?"

त्यानंतर खोटं बोलायला जागाच राहिली नाही.

"नाही, अक्का," मी म्हटलं. "बटण मी बंद केलं. मी लावलं नाही. मशीन अडून सांगत होतं, त्याचं तोंड मी बंद करून ठेवलं होतं. त्या पुण्याच्या पोरानं दोन ओळी टाका म्हणून सांगितलं, त्या टाकल्या नाहीत. तू कॅसेट करू म्हणालीस, मी हसलो. कुंकवाचा काही दोष नाही. सगळं मी."

तिनं पाटी पुसली. पदरानं, सावकाश, कोपऱ्यांतून. मग बोटानं मशीनकडे दाखवलं. काय उरलंय ते लाव.

मी लावलं. कानडीतलं नमस्कार. इंग्रजीतलं होल्ड ऑन. हिंदीतले साहब. कारखान्याचा आवाज. सव्वीस वर्षं ज्यांनी तिला वापरून घरी पाठवलं त्यांच्यासाठीचा आवाज तेवढा शिल्लक होता, स्वच्छ, एकही अक्षर न तुटता. साडेतीनशे वर्षं जे आम्ही घरात सांभाळलं म्हणून मिरवतो त्यातलं एक अक्षर नाही. अक्का मान खाली घालून ऐकत होती.

अकरावी फाइल इंग्रजीतली. थँक यू फॉर कॉलिंग. त्या शनिवारी थांबवायचं बटण दाबायला मला थोडा उशीर झाला होता. फाइल संपते असं वाटलं आणि संपली नाही. खुर्ची करकरली. मग घरातल्या आवाजात, हसू दाबत:

"झालं का रे रघ..."

तिथं तुटलं.

चंदना पदर तोंडात घालून आत गेली. मी पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. चौथ्यांदा हात पुढं केला तेव्हा अक्कानं माझं मनगट धरलं. साकु. पुरे, असं तिनं ओठांनी म्हटलं. आवाज आला नाही, मफलरच्या आतून वारा आला.

मला एकच गोष्ट विचारायची होती. ती मी विचारायला नको होती. म्हटलं, अक्का, चारशे बारामध्ये काय होतं? लिहून दे. मी जपून ठेवीन. कागदावर दे, कागद मरत नाही.

तिनं पाटी घेतली. खडू टेकवला. मला वाटलं लिहिणार. हात तसाच राहिला, खडूचा एक ठिपका उमटला, मोठा झाला. मग तिनं तो ठिपका पुसला आणि त्याखाली लिहिलं:

"ते लिहायचं नव्हतं. बोलायचं होतं."

पाटी माझ्या हातात दिली आणि उठून आत गेली. चंदनाला भात उतरवायला मदत करायला.

मशीन सुरू होताना डिस्क बसवणारी ती ओळ आता मी फाइलमधून काढून टाकली आहे. डिस्क आपोआप बसत नाही. रोज दुपारी एक वाजता मी कुठंही असलो तरी घरी येतो, डब्याचं बटण बघतो, दिवा बघतो, हातानं हुकूम देतो. अकरा फायली आहेत का बघतो. असतात. निहारनं त्यांच्या दोन सीड्या काढून दिल्या, एक त्याच्याकडे मारतहळ्ळीला ठेवली आहे, कॅसेटही केली आहे. कुंकू पुसून टाकायला मी एकदा ओलं फडकं घेतलं होतं. अक्कानं ते हातातून काढून घेतलं. स्वतःच पुसलं, नखानं खरवडून, दिवा पूर्ण दिसेपर्यंत.

मी समोर बसलेला असतो तेव्हा ती कधी कधी मागून येऊन खांद्यावर हात ठेवते. जेवायला चल, असा त्याचा अर्थ. मी उठतो. जेवलास का, खोटं बोलू नको, असं विचारणारं आता घरात काही नाही. मी न विचारताच सांगतो, येतो अक्का, अजून जेवलो नाही.